सातवी तपासणी

जुलैचा पहिला मंगळवार, सकाळी साडेदहा. जागा : डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा गाळा, वरचा मजला. हजर : मालक पाटणकर साहेब, विक्री बघणारा नितीन, इंजिनिअर श्रुती, आमचे डबे घेणाऱ्या एका रसायन कारखान्याचे व्यवस्थापक शेट्टी, डब्यांचा कर्नल, म्हणजे आतला मूळ प्रोग्रॅम, बांधणारे गायकवाड सर, आणि नोंदी घ्यायला मी. गैरहजर : शेट्टींच्या कारखान्यातले ऑपरेटर दळवी. ते त्या वेळी कल्याणच्या एका हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होते.

आम्ही वायुगळती ओळखणारे डबे बनवतो. भिंतीवर लावायचे, पुस्तकाएवढे. हवा बिघडली की भोंगा वाजतो, लाल दिवा लागतो. शेट्टींकडचा डबा मात्र वाजला नाही. सांडपाण्याच्या खड्ड्यापाशी दळवी कोसळले तेव्हा डब्यावरचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता. सोबतच्या माणसाने ओढून बाहेर काढलं म्हणून ते वाचले.

शेट्टी वर यायच्या आधी नितीन आम्हाला सांगत होता, "लाइटचं म्हणू या. व्होल्टेज वरखाली झालं, डबा अडकला. डोंबिवलीत कोण नाही म्हणणार?"

गायकवाड सर खुर्ची ओढत म्हणाले, "बरोबर आहे रे. लाइट काय, बिचारी. तिचं नाव घेतलं तर ती काही उत्तर द्यायला येणार नाही."

मग शेट्टी आले, पाणी प्यायले आणि पाटणकर साहेबांनी घसा साफ केला. तेवढ्यात गायकवाड सर उभे राहिले. बैठकीत कधी कुणी उभं राहून बोलत नाही आमच्याकडे.

"शेट्टीसाहेब, डबा अडकू शकतो. तो अडकला की त्याला उठवणारा एक राखणदार आत असतो. तुमच्या डब्यात तो गेलाच नव्हता. मी बांधला आणि मीच तपासला नाही. त्या खेपेचे अजून तीस डबे बाहेर लागलेत. तेही तसेच आहेत."

शेट्टी म्हणाले, "अजून तीस? त्यांना माहितीय?"

"आज कळेल."

"गायकवाड, जरा बाहेर या," पाटणकर साहेब म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी वीस वर्षांत ऐकला नव्हता.

खोलीतल्या सगळ्यांना धक्का बसला तो तीस या आकड्याचा. मला बसला तो "मीच तपासला नाही" या तीन शब्दांचा. कारण तपासणीची यादी माझ्या मांडीवर होती आणि सातव्या ओळीसमोर निळ्या शाईची टिक होती. ती माझी होती.

आता हे सगळं नीट क्रमाने सांगते.

रमाकांत गायकवाड मोहन्याचे. वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तेव्हा सर शिकत होते. रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात करून ते या कामापर्यंत कसे पोचले हे त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "चालत." आमच्याकडे आले तेव्हा पन्नाशीला टेकले होते. पहिल्या दिवशी मी त्यांना माझी तपासणीची यादी दिली : नऊ ओळी, प्रत्येकीसमोर टिक करायला चौकट. त्यांनी ती संध्याकाळी परत दिली. चौकटी रिकाम्या होत्या आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं : "दिवा लागला, पण दोन सेकंद उशिरा." "भोंगा वाजला, खालच्या मजल्यावर ऐकू आला." "अडकवला. चाळीस सेकंदांनी आपोआप उठला."

मी म्हटलं, "सर, नुसती टिक केली तरी चालेल."

"टिक म्हणजे काय मॅडम? टिक म्हणजे मी इथे होतो. डब्याचं काय झालं ते त्यात कुठे येतं?"

मला राग आला. यादी माझी होती. ठाण्याला कोपरीतल्या माझ्या घरात फ्रिजच्या दारावर यादी असते, कपाटाच्या आत असते. भावाच्या लग्नात मी एकशे बारा कामांची यादी केली होती आणि एकशे बाराही संध्याकाळी सहाच्या आत झाली होती. या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी माझ्या चौकटी मोडीत काढल्या. पण पुढच्या खेपेपासून मी चौकटी लहान केल्या आणि बाजूला लिहायला जागा सोडली. त्यांनी ते पाहिलं, हसले नाहीत, फक्त म्हणाले, "आता यादी वाचायची झाली."

कर्नल म्हणजे काय हे मला त्यांनी समजावलं ते जेवणाच्या डब्यावर वाकून. आपल्या डब्याच्या पोटात एक छोटा संगणक आहे. त्यातल्या सगळ्या कामांचा मुकादम म्हणजे कर्नल. कोणी कधी उठायचं, कोणी वाट बघायची, भोंग्याला कधी हाक मारायची, सगळं तो ठरवतो. पण डब्याचा जीव एवढासा, तो स्वतःचा मुकादम स्वतः बांधू शकत नाही. म्हणून तो मोठ्या संगणकावर बांधायचा. आणि मोठ्या संगणकाची भाषा वेगळी, डब्याची वेगळी. इथे बसून तिथल्या भाषेत बांधायचं. याला क्रॉस-कंपाइल म्हणतात.

"म्हणजे इथे चालवून बघता येत नाही?" मी विचारलं.

"शिंपी लहान पोराचा सदरा शिवतो. स्वतःच्या अंगात घालून बघतो का? पोराला बोलवावंच लागतं." मग लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकून म्हणाले, "आणि पोराला दोन्ही हात वर करायला लावायचे. नुसतं उभं राहून सगळेच सदरे बसतात."

हे हात वर करायला लावणं म्हणजे आमची सातवी तपासणी. डब्याला एक आज्ञा देऊन मुद्दाम गोठवायचं आणि राखणदार त्याला उठवतो का ते बघत उभं राहायचं. मधली चाळीस सेकंद काहीच घडत नाही. श्रुतीला त्याचा कंटाळा यायचा. ती नवीन होती, हुशार होती, म्हणायची, "सर, दर वेळी उठतो तो. अकरा खेपा झाल्या."

"तुझा मोबाइल दर वेळी लागतो ना गं? मग आईला पोचल्याचा फोन कशाला करतेस?"

असं त्यांचं बोलणं. उपदेश वाटेपर्यंत विषय संपलेला असायचा.

त्यांच्या टेबलावर एक जुना संगणक होता, कव्हर नसलेला, वर स्वच्छ टॉवेल. सगळे कर्नल त्याच्यावर बांधले जात. गेल्या वर्षी पाटणकर साहेबांनी सगळ्यांना नवे लॅपटॉप आणले, देखणे, पातळ, वेगळ्याच घराण्याचे. जुना संगणक अडगळीत जाणार असं ठरलं. सर म्हणाले, "याच्यावर बांधू द्या अजून एक वर्ष." साहेब म्हणाले, "गायकवाड, डिस्क खरखरते आहे. उद्या बसली तर सगळंच बसेल." तेही खोटं नव्हतं. मग सरांनी सगळा संसार नव्या लॅपटॉपवर हलवला. तीन आठवडे गेले. एप्रिलची जयंती सोडली तर त्यांनी एक सुट्टी घेतली नाही.

चूक तिथे झाली, आणि किती लहान ती. कर्नल बांधायच्या आधी त्यात काय काय हवं याची एक लांबलचक यादी असते. होय, त्यांचीही यादीच. त्यातली राखणदाराची ओळ "नाही" वरून "हो" करायला सरांनी स्वतः एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची चिठ्ठी, लिहिली होती. ती स्क्रिप्ट संगणकावरच्या एका तयार अवजाराला हाक मारायची. नव्या लॅपटॉपवरही त्याच नावाचं अवजार होतं, पण त्याच्या सवयी निराळ्या. हाक नीट समजली नाही, ओळ बदलली नाही आणि तक्रारही केली नाही. कर्नल बांधून तयार झाला. डब्यात गेला, दिवा लागला, भोंगा वाजला. आठ तपासण्यांत तो उत्तम पास झाला असता, आणि झालाही. सातवीत मात्र पहिल्याच मिनिटाला पकडला गेला असता.

ती खेप जायच्या दिवशी सर सकाळीच कल्याणला गेले होते, वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. एकतीस डबे पॅक व्हायचे होते. अकरा वाजता त्यांचा फोन आला. "मॅडम, आठ झाल्यात. सातवी राहिलीय. मी दोनपर्यंत पोचतो, मग सोडा."

टेम्पो साडेअकराला दारात उभा राहिला. ड्रायव्हरला पुढे भिवंडीचा माल उचलायचा होता, तो हॉर्न देत होता. शेजारच्या गाळ्याचा माणूस खाली येऊन ओरडला, "अहो मॅडम, रस्ता अडवलाय तुमच्या टेम्पोने!" श्रुती त्या दिवशी रजेवर होती. माझ्या हातात यादी होती, आठ ओळी भरलेल्या, एक रिकामी. अकरा खेपा तिथे एकच वाक्य लिहिलेलं मी पाहिलं होतं : चाळीस सेकंदांनी उठला. मी टिक केली. टेम्पो गेला. सर अडीचला धापा टाकत आले.

"गेले?"

"गेले सर."

"सातवी?"

मी म्हटलं, "झालं सगळं. वहिनी कशा आहेत?"

एवढंच. ते वहिनींविषयी सांगू लागले आणि मी ऐकू लागले.

अपघातानंतर सरांनी शेट्टींकडचा डबा काढून आणला. आमच्या टेबलावर ठेवला, गोठवला आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. श्रुती आणि मी बाजूला. चाळीस सेकंद झाले. मिनिट झालं. दहा मिनिटं झाली. हिरवा दिवा जळतच होता. श्रुतीने तोंडावर हात ठेवला. सरांनी लॅपटॉप उघडला, ती लांबलचक यादी खाली खाली नेली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे हात पुढे केला, "खेपेची फाइल." मी दिली. त्यांनी सातवी ओळ पाहिली. फाइल मिटून परत दिली. माझ्याकडे पाहिलं नाही.

म्हणून मंगळवारच्या बैठकीत मला वाटत होतं की आता माझं नाव येणार. मी तयार होते असं म्हणणं खोटं होईल. आणि या माणसाने उभं राहून "मीच तपासला नाही" म्हटलं.

साहेबांनी त्यांना वीस मिनिटं बाहेर ठेवून घेतलं. ते परत आले तेव्हा मी त्यांना जिन्यात गाठलं. "सर, ती टिक..."

"माहितीये. मी टिक करतो का कधी?"

"मग तुम्ही का..."

"मॅडम, स्क्रिप्ट कोणाची? माझी. ओळ बदलली का ते वाचून बघायचं काम कोणाचं? माझं. आणि 'झालं' म्हटल्यावर 'काय दिसलं' हे विचारायचं कोणी? मीच. बायकोच्या डोळ्यावर पट्टी होती, मला घरी जायचं होतं. नाही विचारलं."

"तरी मी साहेबांना सांगते."

"सांगा की. पण आता सांगितलंत तर साहेब दोन दिवस तुमच्यावर ओरडणार, तुम्ही दोन दिवस रडणार. मला ते दोन दिवस पाहिजेत. तीस डबे कुठे कुठे लागलेत त्याची यादी तुमच्याशिवाय कोण काढणार? वाटणी नंतर करू. आधी डबे."

हे त्यांचं मोठं मन होतं असं मी सुरुवातीला समजले. आता वाटतं, त्यांना खरोखर घाई होती. तीस ठिकाणी तीस माणसं हिरव्या दिव्याकडे बघून कामाला लागत होती, आणि त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं.

अकरा दिवस आम्ही फिरलो. डोंबिवली, अंबरनाथकडचे कारखाने, ठाण्यात दोन. सर अडगळीतल्या जुन्या संगणकावर नव्याने कर्नल बांधून आणत, तो पेनड्राइव्हने डब्यात घालत, आणि मग सातवी तपासणी तिथेच, कारखान्यातल्या माणसांसमोर. पहिल्या ठिकाणी त्यांनी घड्याळ माझ्या हातात दिलं. "मी नाही, तुम्ही बघा. जे दिसेल ते लिहा."

वीस वर्षांत गोठलेला डबा उठताना मी एकदाही पाहिला नव्हता. डबा गोठला. दिवा हिरवाच. दहा, वीस, तीस. मला मध्येच वाटलं की श्वास आपलाच अडकलाय. एक्केचाळिसाव्या सेकंदाला सगळे दिवे विझले, एक टक् असा आवाज झाला आणि डबा पुन्हा जागा झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सर म्हणाले, "एका मिनिटाच्या आत आहे, ठीक. लिहा."

एका ठिकाणी शिफ्टचा मुकादम चिडला. "अहो चालू डबा कशाला बंद करता? हिरवा आहे की. आणि आम्हाला वास कळतो ना, गळालं तर."

"माझे वडील रेयॉनमध्ये होते," सर म्हणाले. "ते सांगायचे, वास येतोय तोवर हळू चाल, वास यायचा बंद झाला की पळ. जास्त झाला की हा वायू नाकच मारतो, दादा."

थोड्या वेळाने मुकादमाने स्वतः स्टूल आणून दिलं.

तिसावा डबा बदलला त्या दिवशी आम्ही दळवींना भेटायला गेलो. घरी आले होते, खोकत होते, बोलत होते. सरांनी त्यांनाही तेच सांगितलं, उभं राहून, "चूक माझी." दळवी म्हणाले, "आता काय सर, सुटलो ना." त्यांच्या बायकोने मात्र आमच्याकडे पाहिलं नाही, आणि ते बरोबर होतं. मी तिथेही गप्प बसले. परतताना रिक्षात मी पुन्हा विषय काढला. "सर, डबे झाले. आता मी साहेबांना सांगू ना?"

त्यांनी रिक्षाच्या बाहेर बघत म्हटलं, "सांगायचंय ना? मग माझी परवानगी कशाला मागताय?"

त्यांनी माझ्यावर एवढाच एक राग काढला, आणि तो मला अजून ऐकू येतो.

ऑगस्टमध्ये वार्षिक तपासणी आली. मग गणपती. मग नितीनने एक मोठी ऑर्डर आणली. "साहेबांना सांगणे" ही ओळ मी रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या पानावर उतरवत होते, सुवाच्य अक्षरात. सर रोज येत होते, स्क्रिप्टला शिकवत होते की ओळ बदलली नाही तर ओरड, गप्प बसू नकोस. श्रुतीशी थट्टा चालू होती. माझ्याशीही नीट बोलत. विषय मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी श्रुतीचा फोन आला. दाढी करता करता सर खाली बसले आणि उठले नाहीत. मी फोन धरून उभी होते. समोर फ्रिजवरची यादी होती. कितीतरी वेळ मी ती वाचत राहिले : रवा, साबण, वीजबिल. एक शब्द कळत नव्हता.

मोहन्याला गर्दी होती. पंचशील म्हणून झाल्यावर लोक पांगले. वहिनींनी मला आत बोलावलं, शेजारी बसवलं. डोळ्याला अजून काळा चष्मा होता. म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला विचारते. यांनी शेवटी कामात काही मोठी चूक केली म्हणे? मघाशी तुमच्याकडचं कुणीतरी बाहेर बोलत होतं. खरं का हो? घरी एक शब्द बोलले नाहीत. तीस वर्षांत यांच्या कामात कधी बोट ठेवायला जागा नव्हती, म्हणून विचारते."

माझं तोंड उघडलं. बाहेर माणसं होती, चहाचे कप वाजत होते. मी म्हटलं, "वहिनी, मी एकदा निवांत येऊन सांगते."

"या," त्या म्हणाल्या. "मी दुपारी चारनंतर घरीच असते."

त्यानंतर ऑफिसात एक शब्द रूढ झाला. नितीनने सुरू केला, साहेबांनी उचलला. नवीन मुलगा काही न तपासता पुढे पाठवू लागला की म्हणतात, "ए, गायकवाड करू नकोस." मुलं हसतात. त्यांनी तर सरांना पाहिलंही नाही. ज्या माणसाने आयुष्यात एक टिक केली नाही, त्याचं नाव न बघता टिक करण्याला पडलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फाइल तिथेच टाकून स्वच्छतागृहात जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मी पाटणकर साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. टेम्पो, टिक, "झालं सगळं." त्यांनी पेपरवेट बाजूला सारला. म्हणाले, "आता हे उकरून काय होणार? तो गेला. तुम्ही आहात." मी म्हटलं, शेट्टींना जुलैत सगळी चूक सरांच्या नावावर टाकणारं पत्र गेलंय, त्यातलं नाव बदला. ते म्हणाले, "बघू." श्रुतीलाही सांगितलं. "मॅडम, मी चार महिने सरांवर रागावले होते," एवढं बोलून उठून गेली. आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. पण ऑफिसात तो शब्द कुणी काढला की आता ती मोठ्याने म्हणते, "सरांचं नाव घेऊ नका. तुम्हाला माहीत नाही." पत्र अजून तसंच आहे, मी दर सोमवारी विचारते.

परवा मी शहाडला उतरले होते. वेळ सव्वाचार. रिक्षावाला म्हणाला, "मोहने ना? बसा ताई." मी त्याला म्हटलं, थांबा, आणि पाच मिनिटं तिथेच उभी राहिले. त्याला दुसरं भाडं मिळालं. मी परतीचं तिकीट काढलं.

वहिनींना सांगायचं राहिलं आहे.